मुक्काम कुडाची वाडी

आमच्याकडं माणूस कुठला, हे त्याला कोण विचारतंय त्यावर ठरतं. मुंबईत कुणी विचारलं तर आम्ही कर्जतचे. कर्जतच्या बाजारात विचारलं तर नेरळकडचे. नेरळला विचारलं तर पोशीरचे. आणि खुद्द पोशीरात विचारलं, तर हनुवटी जराशी डोंगराच्या बाजूला उडवायची आणि म्हणायचं, "तिकडचे." बस्स. वाडीचं नाव काही केल्या तोंडातून बाहेर पडायचं नाही. तिकडं किती घरं आहेत, माणसं राहतात की माकडं, हे समोरच्यानं आपलं आपण समजून घ्यायचं.

वाडीचं नाव कुडाची वाडी. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, वरून शेणमातीनं लिंपायचं, की झाला कुड. एके काळी सगळ्या घरांच्या भिंती तसल्या होत्या म्हणून हे नाव. आता अख्ख्या वाडीत औषधाला कुड सापडायचा नाही. पंचवीसेक घरं, त्यातली बहुतेक स्लॅबची, दोघांनी तर गच्चीला काचेचे कठडे लावलेत. पण नावाची लाज काही गेली नाही. उलट घर जेवढं पक्कं तेवढी लाज जास्त, असंच मी बघत आले.

मी मूळची खोपोलीची. वडील कारखान्यात होते, मी बारावीपर्यंत शिकले. मध्यस्थानं स्थळ आणलं ते पोशीरचं म्हणून. बघण्याचा कार्यक्रमसुद्धा पोशीरला, चुलत सासऱ्यांच्या घरी झाला. मोठं अंगण, समोर डांबरी रस्ता, वडील खूश. लग्न झालं, वरातीचा टेंपो निघाला, आणि ते घर मागं पडलं तरी टेंपो थांबेना. मग डांबरी संपली आणि चाकं भातखाचरांच्या मधल्या गाडीवाटेला लागली. मी शेजारी बसलेल्या नणंदेला हळूच विचारलं, "पोशीर मागं राहिलं ना?" ती म्हणाली, "मंग काय झालं? ह्ये बी पोशीरच हाय." शालूत बसून मी रडले, आणि ते सासर लांब आहे म्हणून रडतेय असं सगळ्यांना वाटलं. मी रडत होते संतापानं. फसवलं होतं मला, आणि तेही कशासाठी, तर दहा मिनिटांच्या वाटेसाठी!

पाचपरतावण्याला वडील आले तेव्हा ते सासूबाईंना म्हणाले, "आम्हाला पोशीर सांगितलं होतं." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पोशीर काय नि वाडी काय, इवाई, चूल तर हितंच पेटवायची हाय तिला." वडील चहा प्यायले आणि गेले. नवरा मात्र त्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मला माहीत नव्हतं गं त्यांनी असं सांगितलं ते." त्याचं मी खरं मानलं. तो माणूस कधी खोटं बोलला नाही, हे एक त्याचं खरं.

तर अशी ही मी, नाव लपवण्यापायी फसवली गेलेली. आता पुढं मी काय केलं ते ऐका.

बारावी झालेली वाडीत मी एकटीच. ओटीवर शिलाई मशीन टाकलं होतं, बायका ब्लाउज शिवायला यायच्या आणि येताना फॉर्मही आणायच्या. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, गॅस, बँकेचं खातं, पुढं आधार. सगळ्यांचं मी लिहायची. अक्षर चांगलं, शिवाय नाही म्हणायची सवय नाही. पहिलं रेशनकार्ड लिहिलं तेव्हा मी सरळ लिहिलं होतं, मु. कुडाची वाडी, पो. पोशीर. दुसऱ्या दिवशी शेजारचे भाऊजी तो कागद घेऊन परत आले. "वयनी, ती वाडीबिडी कशाला लिवलीस? पोरीला स्थळं बगतोय मी. नुसतं पोशीर लिव की."

मी म्हणायला पाहिजे होतं की भाऊजी, असल्याच थापेनं मी इथं आलेय. नाही म्हटलं. मुकाट्यानं नवा फॉर्म घेतला आणि मु. आणि पो. एकाच दावणीला बांधून लिहिलं, मु. पो. पोशीर. भाऊजी खूश. मग दुसरे आले, तिसरे आले. कुणाला सांगावंही लागेना. मीच लिहायची. माझ्या स्वतःच्या कार्डावर, नवऱ्याच्या, सासूबाईंच्या, मुलीच्या. खोटं कशाला बोलू, लिहिताना बरंही वाटायचं. खोपोलीच्या बहिणीला पत्र टाकताना मागं पोशीर लिहिलं की जणू मी खरंच त्या डांबरी रस्त्यावरच्या अंगणात राहतेय असं वाटायचं. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, दुसरं काय!

वाडीतून बाहेर पडायला ती एकच गाडीवाट. दोन्ही बाजूंना आमचीच शेतं. शाळेची मुलं त्या वाटेनं, दूध त्या वाटेनं, नवरी त्या वाटेनं आत यायची आणि मढं त्या वाटेनं बाहेर जायचं. मागच्या बाजूला ओढा. उन्हाळ्यात दगडांवरून उड्या मारत जाता येतं, पावसाळ्यात तिथं छातीएवढं पाणी. ओढ्याच्या अलीकडच्याच अंगाला, वर डोंगरावर ठाकूरवाडी, दहा-बारा झोपड्या, त्या मात्र अजून कुडाच्या. ती माणसंही आमच्या अंगणातून उतरून त्याच वाटेनं नेरळच्या बाजारात जायची.

त्यातली एक बाई माझ्या ओटीशी थांबायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पाऊस लागला की रानभाजीची शेवळं घेऊन यायची, नंतर कंटोळी, उन्हाळ्यात करवंदं. "वयनी, घेतीस काय?" म्हणून हाक मारायची. मी तिला "बाय" म्हणायची. ती पायरीवर बसायची, मी पाणी द्यायची, त्याच तांब्यातून ज्यातून आम्ही प्यायचो. याचा मला फार अभिमान होता बरं का! लोक वेगळा तांब्या ठेवतात, मी नाही ठेवत, असं मी चारचौघींत सांगायची. पण बाई पायरीच्या वर कधी आली नाही, आणि मीही कधी ये म्हटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा कर्जतला डायलिसिस. सकाळी रिक्षा अंगणात यायची, मी त्याला धरून बसवायची, दुपारी उशिरा परत. मशीनवरून उठला की त्याच्या अंगात दोन पावलं टाकायचीही ताकद नसते. मान खाली घालून बसतो, ओठ पांढरे पडतात. डॉक्टरांनी एकच सांगितलंय, एक वेळ औषधाची गोळी चुकली तर चालेल, पण ही फेरी चुकता कामा नये. चुकली तर पाणी छातीत भरतं.

आणि त्याच सुमारास माझ्या धाकट्या दिरानं वाटेच्या डावीकडचं शेत विकलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काही उगाच नाही. त्याच्या मागोमाग उजवीकडच्या दोघांनी विकलं. घेणारा एकच, बंगल्यांची स्कीम काढणारा कुणी मुंबईचा बिल्डर. तो आम्हाला कधी दिसला नाही, दिसला तो त्याचा फलक. इंग्रजीत हे भलं मोठं नाव, आमच्या डोंगराला आम्ही सात पिढ्यांत कधी न दिलेलं. चित्रात हिरवळ, पाण्याचा तलाव, तलावाकाठी पाय सोडून बसलेली गोरी बाई. तिथं आम्ही नाचणी सुकत घालायचो!

आधी गेट आलं. वॉचमन हसून उघडायचा. मग खुर्ची आणि रजिस्टर आलं, नाव लिहा, नंबर लिहा. मग ट्रॅक्टर बंद झाला, म्हणे खडी उडते. मग दुधाची गाडी बंद. आम्ही काय केलं? आम्ही "जाऊ दे रं" म्हटलं. बाप्ये माणसं देवळाच्या पारावर बसून सरकारला शिव्या घालत होती आणि गेटवर जाऊन रजिस्टरात मुकाट सही करत होती. शेवटी होळीनंतर एका सकाळी आमची रिक्षा गेटजवळ आली आणि वॉचमन म्हणाला, "आज से गाड़ी बंद. प्राइव्हेट रोड है."

मी खाली उतरले. "भैया, पेशंट आहे." तो बिचारा परमुलखातला, पोटासाठी आलेला, त्यानं आत फोन लावला. आतून टोपी घातलेला मॅनेजर आला. मराठीच होता मेला. मला म्हणतो, "मॅडम, आपण कुठल्या फेजमधल्या?"

माझं डोकं फिरलं. "फेज? अरे, तू उभा आहेस ना, ते माझ्या दिराचं खाचर आहे! तिथं गुडघाभर चिखलात मी आवणी लावलीय, आणि तू मला विचारतोस कुठल्या फेजमधली? उघड!" माझा आवाज बंगल्यांपर्यंत गेला असणार, कारण एका गच्चीवर कुणीतरी उठून उभं राहिलं. मॅनेजरनं त्या दिवशी उघडलं, पण म्हणाला, "माणुसकी म्हणून उघडतोय." त्या शब्दाची मला जेवढी चीड आली तेवढी शिवीचीही आली नसती. माझ्या वाटेवरून मला जाऊ द्यायला ह्याची माणुसकी!

पुढच्या फेरीला ती माणुसकीही संपली, खुर्चीत बसवूनही नेऊ देईनात. चौघांनी नवऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ओढ्यातून नेलं, पलीकडं, लांबचा वळसा घेऊन कच्च्या रस्त्यानं आलेली रिक्षा उभी. एप्रिल होता म्हणून जमलं. जूनमध्ये काय करायचं ते कुणी बोलत नव्हतं, पण खुर्ची उचलणारे चौघेही पाण्याच्या खुणेकडं बघत होते. नवरा तेवढा म्हणाला, "पावसाच्या आत काय ते कर गं." त्यानं माझ्याकडं आयुष्यात फार कमी वेळा काही मागितलंय.

मी अर्ज लिहिला. वाट अडवली आहे, मोकळी करून द्यावी. खाली पंचवीस घरांच्या सह्या आणि अंगठे. तहसीलदाराच्या कचेरीत चार वेळा गेले, पाचव्या वेळी स्थळपाहणीची तारीख मिळाली. साहेब स्वतः आले, सोबत तलाठी, आणि स्कीमवाल्यांकडून काळ्या कोटातला वकील. गेटच्या अलीकडं, वाडीच्या तोंडाशी वाटेवरच टेबल मांडलं. साहेब माणूस वाईट नव्हता, उन्हात छत्रीसुद्धा घेतली नाही त्यानं. म्हणाला, "जुन्या नकाशात ही वाट काढलेली नाही. तशा खूप वाटा नसतात. पण वर्षानुवर्षं कोण वापरतंय ते दाखवा, म्हणजे मला लिहिता येईल. राहणाऱ्यांनी आपापले पुरावे आणा."

सगळे घरी पळाले आणि प्लास्टिकच्या पिशव्यांतून आधारकार्डं, रेशनकार्डं घेऊन आले. टेबलावर ढीग झाला. साहेब एकेक उचलून वाचायला लागले. मुक्काम पोस्ट पोशीर. मुक्काम पोस्ट पोशीर. मुक्काम पोस्ट पोशीर. दहाव्या कार्डापाशी त्यांनी चष्मा काढला. अकराव्या कार्डाला वकील हसला. घरपट्टीच्या पावत्या दाखवल्या, त्यावरही गाव पोशीर आणि घर नंबर, एवढंच.

वकील पुढं आला. "साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे. पोशीरच्या लोकांना पोशीरला जायला चांगला डांबरी रस्ता आहे. मग पोशीरच्या लोकांना आमच्या जागेतून कशासाठी जायचंय?"

बोला आता! पंचवीस घरं समोर उभी, चुलींचा नाही पण गॅसवरच्या भाताचा वास येतोय, कुत्री भुंकतायत, आणि हा विचारतोय पोशीरची माणसं इथं कशाला! साहेब हळू आवाजात म्हणाले, "घरं मला दिसतायत हो. पण कागदावर इथं कुणी राहतच नाही. हे सगळे पत्ते असे कुणी लिहिले?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. आणि ते शेजारचे भाऊजी, ज्यांनी पहिला कागद परत आणला होता, ते खाकरून म्हणाले, "आमच्या वयनीनं लिवलंय सगळं. आमाला काय कळतं त्यातलं?"

अंगाची लाहीलाही झाली. मी साहेब बघितला नाही, वकील बघितला नाही. "भाऊजी, देवाला तरी घाबरा! कागद घेऊन कोण आलं होतं माझ्या ओटीवर? पोरीला स्थळ बघताय म्हणून कोण म्हणालं होतं? आणि तुम्ही, आणि तुम्ही, सोयरिकी करताना वाडीचं नाव कुणी घेतलंत? एकानं तरी? माझ्या बापाला सांगितलंत? आता वाडी पाहिजे होय तुम्हाला!" बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. भाऊजी म्हणाले, "आता त्ये कशाला उकरून काडतीस?" दीर मागच्या मागं सटकला. नवरा अंगणात खाटेवर पडून हे सगळं ऐकत होता, मला माहीत होतं, आणि म्हणून माझा आवाज आणखीच चढत होता. साहेब दोनदा "ताई, ताई" म्हणाले. मी थांबले ती दम लागला म्हणून.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "सायब, आमचं बी बगा ना."

ठाकूरवाडीची ती बाई. डोक्यावरची करवंदांची पाटी खाली ठेवून बाजूला कधीची उभी होती. बाजाराला निघालेली, वाट अडलेली बघून थांबलेली, सोबत तिच्या वाडीची आणखी सात-आठ माणसं. कमरेच्या पिशवीतून तिनं कार्ड काढलं, लुगड्याला पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

साहेबांनी वाचलं. मग पुन्हा मोठ्यानं वाचलं. "मुक्काम कुडाची वाडी, पोस्ट पोशीर."

दुसरं कार्ड. मुक्काम कुडाची वाडी. तिसरं. मुक्काम कुडाची वाडी. वकिलानं एक कार्ड हातात घेऊन उलटून बघितलं. साहेब लिहायला लागले. आमच्या वाडीतल्या एकालाही कळेना की हे झालं कसं. मला कळलं होतं. ते फॉर्मही मीच लिहिले होते.

आधारचं शिबिर आलं होतं तेव्हा ही सगळी डोंगरावरून उतरली होती. बाई म्हणाली होती, "वयनी, ठाकूरवाडी लिव." शिबिरातला माणूस म्हणाला, तालुक्यात ठाकूरवाड्या ढिगानं आहेत, जवळची वस्ती लिहा. जवळची वस्ती म्हणजे आम्ही. आम्हाला मी पोशीर लिहीत होते, त्यांनाही पोशीर लिहिलं असतं तर माझ्या बापाचं काय गेलं असतं? पण नाही लिहिलं. पेन गेलं नाही. पोशीर आपल्यासाठी, यांना कशाला, असं तेव्हा मनात आलेलं मला लख्ख आठवतं. यांची घरं कुडाची, यांना कुडाची वाडी शोभते. म्हणून आम्ही टाकून दिलेलं नाव मी त्यांना दिलं, जुनं लुगडं द्यावं तसं. आणि त्यांनी ते नीट जपून ठेवलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. कुडाची वाडी येथील रहिवासी ही वाट पूर्वापार वापरतात, गेट राहिलं तरी रहिवाशांना व त्यांच्या वाहनांना पुरावा पाहून सोडावं. वाडीत नारळ फुटला, पेढे वाटले. भाऊजींनी माझ्या हातावर पेढा ठेवत म्हटलं, "जितलो बग वयनी!" कोण जिंकलं, डोंबल! मी पेढा घेतला आणि गाईला घातला.

कारण निकाल मी नीट वाचला होता. पुरावा पाहून. आणि पुरावा कुठाय? पत्ता बदलायला गेलो तर पत्त्याचा पुरावा मागतात, आणि आमचा पुरावा झाडून सगळा पोशीरचा. दाखल्यासाठी चार खेटे घातले, आज सही करणारा नाही, उद्या मशीन बंद. तोवर जून उजाडला, आणि निकालाचा कागद काचेवर चिकटवून गेटवाले पायी जाणाऱ्याचंही कार्ड बघायला लागले. ओढ्याला पाणी आलं.

गुरुवारी फेरी होती. सकाळपासून झिमझिम पडत होता. आदल्या दिवसापासूनच नवऱ्याचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. रिक्षावाल्यानं तर गेटच्या बाहेरूनच फोन केला, "ताई, मला आत सोडत नाहीत." मग मी नवऱ्याला दोन्ही हातांनी धरून वाटेनं चालवत आणलं. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. तीन वेळा तो दगडावर बसला. गेटपाशी पोचलो तर वॉचमननं हात पुढं केला, कार्ड. मी दिलं. त्यानं वाचलं, केबिनच्या काचेवर चिकटवलेल्या निकालाच्या कागदाकडं बोट दाखवलं. "ये तो पोशीर का है, मॅडम. इसमें कुडाची वाडी लिखा है. मेरी नौकरी जाएगी."

"अरे, तू रोज बघतोस मला!" मी ओरडले. "रोज बघतोस! हा माणूस मरायला टेकलाय, तुला दिसत नाही?" त्याला दिसत होतं. पण मॅनेजर आतून फोनवर त्याला काहीतरी सांगत होता आणि गेट काही हलत नव्हतं. नवरा गजांना टेकून खाली बसला. मी दोन्ही हातांनी गेट हलवलं. शिव्या दिल्या. ज्या मी आयुष्यात कधी उच्चारल्या नव्हत्या त्या दिल्या. बिल्डरला दिल्या, दिराला दिल्या, भाऊजींना दिल्या, आणि शेवटी कुणाला देतेय तेच मला कळेना.

मागून वाटेनं ठाकूरवाडीच्या बायका येत होत्या, डोक्यावर पानांची इरली, पाटीत शेवळं. बाई पुढं होती. तिनं कार्ड दाखवलं, वॉचमननं छोटं दार उघडलं. ती बाहेर पाय टाकणार तेवढ्यात तिनं खाली बसलेल्या माझ्या नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सोड रं यांना," ती वॉचमनला म्हणाली. "आमच्या वाडीची हाईत ती."

तो म्हणाला, "आपके साथ है? फिर रजिस्टर में लिखना पड़ेगा."

"लिव म्हनावं. माज्यासंगं हाईत."

दोघी-तिघींनी पाट्या खाली ठेवल्या, नवऱ्याला उचललं आणि बाहेर रिक्षात नेऊन बसवलं. वॉचमननं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. पहिला रकाना माझं नाव, दुसरा नवऱ्याचं. तिसरा रकाना, कोणासोबत. मी पेन टेकवलं आणि थांबले. पंचवीस वर्षं तिची शेवळं खाल्ली होती मी. तिचा फॉर्म माझ्या अक्षरात होता. साहेबांनी तिचं कार्ड भर वाटेवर मोठ्यानं वाचलं तेव्हा मी मुक्काम ऐकला होता, नाव ऐकलं नव्हतं.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मला मान वर करून तिला विचारावं लागलं, "बाय, तुझं नाव काय गं?"

ती हसली नाही, रागावली नाही. तिनं सांगितलं, आणि मी लिहिलं.